लेकुरवाळीची उमेदवारी

नवरात्रात आमच्या देवळांतून घट बसतात, देवीची ओटी भरली जाते आणि तिला ‘आई’ म्हणून हाक मारताना थोरामोठ्यांचेही कंठ दाटून येतात. काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे नावही आम्ही याच भक्तिभावाने घेतो. १७६७ साली पुत्र मालेराव निवर्तल्यावर त्यांनी राज्यकारभार हाती घेतला व तो १७९५ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, चालविला. त्यांचे मातृत्व राजधर्माच्या आड आले असे कोणी भाविक म्हणत नाही. उलट त्या प्रजेच्या आई झाल्या, हीच त्यांची थोरवी मानली जाते. परंतु गावातली एखादी लेकुरवाळी पंचायतीसाठी अर्ज भरू लागली की तेच भाविक विचारतात, “मुलांकडे कोण पाहणार?” तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुलाबाळांच्या बापास हा प्रश्न विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हा दुजाभाव केवळ चावडीवरच्या बोलण्यात राहिला असता तर त्यावर लेखणी झिजविण्याचे कारण नव्हते. तो कायद्यातही शिरला आहे. हरियाणाच्या १९९४ च्या पंचायतराज अधिनियमाने, दोनांहून अधिक हयात अपत्ये असणारी व्यक्ती पंचायतीच्या पदास अपात्र ठरविली. ३० जुलै २००३ रोजी ‘जावेद विरुद्ध हरियाणा राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट वैध मानली. तोच निकाल येथे परीक्षणास घेतला आहे.

निकालाची एक बाजू आम्हांस मान्य आहे. निवडणूक लढविणे हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेला अधिकार आहे, आणि लोकसंख्येची चिंता वाहणे हे विधिमंडळाचे काम आहे. आमचा आक्षेप निराळ्या ठिकाणी आहे. मूल व्हावे की न व्हावे हे ठरविणे बहुधा स्त्रीच्या हाती नसते, असा युक्तिवाद न्यायालयापुढे झाला होता. त्यावर न्यायमूर्तींचे म्हणणे असे की, भारतीय स्त्री आता जागृत होत आहे. मनाविरुद्ध तिसरे मूल वाढवावे लागण्याइतकी ती असहाय नाही. हा विश्वास ऐकावयास गोड वाटतो. पण निवडून आलेल्या त्याच स्त्रीविषयी गाव काय म्हणते? “तिला काय कळते? कारभार नवराच पाहतो.” कारभारात ती परतंत्र आणि प्रसूतीत मात्र स्वतंत्र! जिथे अधिकार गाजवावयाचा तिथे पती पुढे होतो. जिथे दंड भरावयाचा तिथे पत्नी एकटी उरते.

कायद्याची भाषा स्त्रीपुरुषांस सारखी आहे हे खरे. परंतु आईचे मातृत्व साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत असते, तर बापाला ‘मूल माझे नव्हे’ म्हणून हात झटकता येतात. निर्मला बुच यांनी निरनिराळ्या राज्यांत केलेल्या अभ्यासात हेच आढळले. पद राखण्यासाठी बायको टाकून दिलेली, मूल नाकारलेले, गर्भ पाडविलेला, अशी उदाहरणे त्यांनी नोंदविली आहेत. आणखी एक विसंगती आहे. हे बंधन आमदार-खासदारांस नव्हते. पंचायत व विधिमंडळ यांची पायरी वेगळी, सबब यात पक्षपात नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या त्या पंचायतींतच. जे दार तिच्यासाठी प्रथम उघडले, नेमका त्याच दारावर हा पहारा बसला.

मध्य प्रदेशाने २००५ साली व खुद्द हरियाणाने २००६ साली ही अट काढून टाकली. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात मात्र ती १२ सप्टेंबर २००१ ही तारीख धरून आली. विधिमंडळास वाटल्यास स्त्रियांपुरता अपवाद करता येईल, असे न्यायालयानेच त्या निकालात नमूद केले होते. तेव्हा दोष एकट्या न्यायासनाचा नव्हे. ती सवलत मागण्यास आम्ही नागरिकही पुढे सरसावलो नाही.

ओटी भरताना आमच्या लेकीसुना देवीपाशी लेकरेच मागतात. ती मिळाल्यावर पंचायतीच्या दारात त्या लेकरांचा हिशेब आईकडून घ्यावयाचा असेल, तर तो बापाकडूनही तितक्याच कठोरपणे घेतला पाहिजे. ते जमत नसेल तर दोघांसही विचारू नये.