पडद्यावरचा दिवा आणि टेबलावरचा दिवा

नववीच्या वर्गात धाराविद्युत शिकवून झाल्यावर मुलांना समांतर जोडणीचा प्रयोग दिला होता. सामान नेहमीचेच : टॉर्चचा एक सेल, दोन छोटे बल्ब आणि थोडी तार. आदल्या दिवशी हाच प्रयोग मुलांनी संगणकावर, 'फेट'च्या सिम्युलेशनमध्ये केला होता. तिथे एका बल्बला दुसरा समांतर जोडल्यावर पहिल्याच्या प्रकाशात तसूभरही फरक पडला नव्हता. टेबलावर मात्र दुसरा बल्ब जोडताच पहिला चांगलाच मंदावला. गटातली एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली.

"सर, आमचा प्रयोग चुकला. कालचंच उत्तर लिहू का?"

हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. डोळ्यांसमोर घडले ते चूक आणि पडद्यावर दिसले ते बरोबर, असे तिने गृहीत धरले होते. म्हणून या साधनाकडे जरा बारकाईने पाहायचे ठरवले.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. वीमन यांना त्याच्या आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. 'फेट' हे नाव 'फिजिक्स एज्युकेशन टेक्नॉलॉजी' या शब्दांवरून पडले. आता त्यात रसायन, जीवशास्त्र आणि गणित हे विषयही आहेत. सिम्युलेशने फुकट वापरता येतात, आणि स्वयंसेवी भाषांतरकारांमुळे त्यांतली बरीच मराठीतही आहेत. (भाषांतरातल्या संज्ञा पाठ्यपुस्तकाशी जुळतात का, हे वर्गात जाण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.)

विद्युत परिपथाचे सिम्युलेशन हे त्यांतले मला सर्वांत आवडणारे. आपल्या मुलांचा एक समज फार चिवट असतो : सेलमधून धारा निघते, बल्ब त्यातली थोडी 'खातो' आणि उरलेली परत येते. तोंडी कितीही सांगा, परीक्षेपुरते ते लिहितात आणि पुन्हा मूळ समजावर येतात. या सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन निळ्या गोळ्यांच्या रूपात दिसतात. कळ दाबण्यापूर्वीही तारेत गोळे भरलेलेच असतात. कळ दाबली की सगळे एकदमच सरकू लागतात. बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे त्यांचा वेग सारखाच असतो. माझ्या पंधरा मिनिटांच्या फळ्यावरच्या खटपटीपेक्षा हे एक दृश्य अधिक काम करते, हे मान्य केलेच पाहिजे. शिवाय गंजलेले सेल होल्डर आणि सुटणाऱ्या तारा यांत अर्धा तास जात नाही. लघुपरिपथ केला तर बॅटरी पडद्यावरच पेट घेते, कुणाचे बोट भाजत नाही.

आता उणी बाजू. हे गोळे डोळ्यांना दिसतील अशा वेगाने पळतात. खरे इलेक्ट्रॉन तसे पुढे सरकत नाहीत. ०.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून ०.३ अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरीने मिनिटाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर पुढे जातात. मग बल्ब लगेच कसा लागतो? उत्तर पडद्यावरच आहे : तार आधीच भरलेली असते. पण शिक्षकाने हा प्रश्न उकरून काढला नाही तर मुले 'वीज वेगाने धावते म्हणून' असे म्हणून मोकळी होतात.

दुसरी उणीव म्हणजे आमच्या वर्गातली घटना. सिम्युलेशनमधली बॅटरी सुरुवातीला आदर्श असते, म्हणजे तिचा अंतर्गत रोध शून्य धरलेला असतो. आपल्या कपाटातला सेल तसा नसतो. समजा सेल १.५ व्होल्टचा, त्याचा अंतर्गत रोध १ ओहम आणि प्रत्येक बल्बचा रोध ५ ओहम आहे. एकच बल्ब असेल तर त्याला १.२५ व्होल्ट मिळतात. दोन समांतर जोडले की सेलमधून जास्त धारा निघते, सेलच्या आतच जास्त व्होल्ट खर्च होतात आणि बल्बना सुमारे १.०७ व्होल्ट उरतात. प्रत्येक बल्बची शक्ती पाव हिश्शाहून अधिक घटते. मुलीने पाहिले ते हेच.

गंमत अशी की 'फेट'मध्ये याची सोय आहे. प्रयोगशाळेच्या भागात प्रगत पर्याय उघडले तर बॅटरीचा अंतर्गत रोध वाढवणारी पट्टी सापडते. पण ती आत दडलेली आहे, आणि बहुतेक शिक्षक तिथवर जात नाहीत. मीही गेलो नव्हतो. साधन करणाऱ्यांनी आदर्श अवस्था हीच सुरुवात ठरवली, ते सोपेपणासाठी ठीक आहे. मात्र 'ही बॅटरी खऱ्यासारखी नाही' अशी एक ओळ पडद्यावर असती तर बरे झाले असते.

सिम्युलेशनचे कैवारी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा दाखला देतात. त्यात कोलोरॅडोतल्या ज्या विद्यार्थ्यांनी खऱ्या सामानाऐवजी हे सिम्युलेशन वापरले, ते संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले. एवढेच नव्हे, तर पुढे खरा परिपथ जोडण्यातही सरस ठरले. अभ्यास चांगला आहे, पण ती मुले महाविद्यालयातली होती. ज्या मुलाने सेल आणि बल्ब हातात कधी धरलेच नाहीत, त्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येईल असे मला वाटत नाही. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून केलेली खेळणी याच्या नेमकी उलट बाजूची. तिथे पडदा फक्त कृती दाखवतो, करायचे आपल्या हातांनी. त्यात इलेक्ट्रॉन दिसत नाहीत हे खरे, पण तार सुटली की दिवा विझतो, आणि का विझला ते मुलाला स्वतःच शोधावे लागते.

एक व्यवहाराची गोष्ट. 'फेट'ची जुनी सिम्युलेशने फ्लॅश आणि जावा यांवर चालत. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झाले आणि अनेकांनी त्यांवर बेतलेले पाठ अडकले. पुष्कळशी सिम्युलेशने नव्या रूपात आली आहेत, सगळी नाहीत. म्हणून आपली कृतिपत्रिका कागदावरही असू द्यावी. नव्या सिम्युलेशनची फाईल उतरवून ठेवली तर इंटरनेट नसतानाही ती चालते; आमच्याकडे पावसाळ्यात याचा फार उपयोग होतो.

त्या मुलीला मी कालचे उत्तर लिहू दिले नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या गटाला ती पट्टी दाखवली आणि पडद्यावरचा बल्ब टेबलावरच्या बल्बइतका मंद होईपर्यंत सरकवायला सांगितली. हे काम डोळ्यांच्या अंदाजाने चालले होते. मग तिनेच विचारले, "सर, आपल्या सेलचा रोध खरंच किती आहे, ते मोजता येईल का?" शाळेतला व्होल्टमीटर बिघडलेला आहे. शेजारच्या शाळेतून मागवला आहे.