‘स्वामी मुद्रिकांचा’ : नव्या वाचकासाठी

जे. आर. आर. टोल्कीन यांची अद्भुतरम्य बृहत्कथा इंग्रजीत १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांनी केलेल्या तिच्या मराठी अनुवादाचे नाव ‘स्वामी मुद्रिकांचा’ असे आहे. अशा कथामालिकांकडे प्रथमच वळणाऱ्या मराठी वाचकाने आरंभ कोठून करावा, असा प्रश्न आल्यास याच ग्रंथाकडे बोट दाखविणे योग्य होय. इंग्रजी सफाईने न वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात मात्र एक शंका असते, ती अशी की अनुवाद वाचणे म्हणजे उसना आनंद घेणे. या ग्रंथापुरती तरी ही शंका निराधार आहे.

प्रथम शीर्षकाचाच विचार करावा. मराठी वाचकाच्या मनात ‘मुद्रिका’ हा शब्द रिकामा नाही. अशोकवनात हनुमान सीतेपुढे ठेवतो ती रामाची मुद्रिका. दुष्यंताला शकुंतलेचे स्मरण करून देते तीही मुद्रिकाच. आपल्या परंपरेत अंगठी ही ओळख पटविणारी वस्तू होय. कालिदासाच्या नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ आहे, आणि १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यानंतर संस्कृत न जाणणाऱ्या घरांतही ही कथा पोहोचली. टोल्कीन यांची अंगठी नेमके उलट कार्य करते. ती घालणारा दिसेनासा होतो, आणि बाळगणारा हळूहळू स्वतःलाच पारखा होतो. शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटातून कोळ्याच्या हाती येते आणि गेलेली स्मृती परत आणते. येथेही मासा आहेच. गळाला लागलेला मासा डीगॉलला पाण्यात ओढतो, नदीच्या तळाशी त्याला अंगठी सापडते, आणि तो काठावर येतो न येतो तोच त्याचा मित्र स्मीगॉल तिच्यासाठी त्याचा गळा आवळतो. पुढे त्या स्मीगॉलचे नाव लोपते. घशातून निघणाऱ्या आवाजावरून तो ‘गॉलम’ एवढाच उरतो. या दोन कथांत काही नाते आहे असे सुचवावयाचे नाही. परंतु अंगठी मिळविण्यासाठी नव्हे, तर नष्ट करण्यासाठी निघालेल्या या प्रवासाचे वैपरीत्य मोजण्याचे माप मराठी वाचकाजवळ आधीपासूनच आहे, आणि ‘मुद्रिका’ या शब्दाने ते त्याच्या हाती येते.

‘स्वामी’ या शब्दाविषयी तसे म्हणता येत नाही. मराठीत त्याला भक्तीचा व आदराचा वास आहे. रणजित देसाई यांच्या १९६२ मधील कादंबरीने तो अधिकच दृढ केला. नवा वाचक साहजिकच या नावाचा वंदनीय नायक शोधू लागतो. वस्तुतः हा स्वामी म्हणजे कथेतील दुष्टशक्ती सॉरॉन होय, आणि तो प्रत्यक्ष समोर जवळजवळ येतच नाही. एवढे आधी सांगून ठेवावे.

आता अनुवादाची शंका. टोल्कीन हे ऑक्सफर्डचे भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी आधी भाषा रचल्या आणि त्या बोलणाऱ्यांसाठी कथा उभी केली. त्यांच्या क्वेन्या भाषेवर फिनिशची, तर सिंदारिनवर वेल्शची छाया आहे. मूळ ग्रंथाच्या परिशिष्टांत तर त्यांनी असा बहाणा केला आहे की, संपूर्ण कथाच एका लुप्त भाषेतून इंग्रजीत आणलेली आहे. म्हणजे इंग्रजी वाचकही अनुवादच वाचत असतो! डच व स्वीडिश अनुवादांनी असंतुष्ट होऊन त्यांनी अनुवादकांसाठी नामसूची तयार केली. ती त्यांच्या निधनानंतर १९७५ मध्ये छापली गेली. सूचीतील सार्थ नावे अर्थ पाहून आपल्या भाषेत आणावी, बाकीची तशीच ठेवावी, असा तिचा दंडक आहे.

नावांवर एवढा भर कशासाठी, हे समजण्यास दूर जावयास नको. अंधेरी-कुर्ला मार्गावर साकीनाक्याला उतरून सभोवतालच्या पाट्या वाचाव्या. ‘नाका’ हे पद रस्त्याची व वाहतुकीची आठवण सांगते. ‘जरीमरी’ त्या देवीचे नाव घेते जिला लोक साथीच्या रोगांत शरण जात. ‘चांदिवली’तील ‘वली’ कांदिवली-बोरिवलीप्रमाणे ‘पल्ली’पर्यंत मागे नेते. वर मेट्रोचे स्थानक २०१४ चे. चार नावे, चार काळ, आणि ये-जा करणाऱ्याला त्यांपैकी एकही जाणवत नाही. टोल्कीन यांच्या नकाशावरील नावे अशीच थरांनी बनलेली आहेत. एल्फांची ‘बारान्दुइन’, म्हणजे सोनेरी-तपकिरी नदी, हॉबिटांच्या तोंडी बदलत बदलत अखेर थट्टेने ‘डोक्यात चढणारे मद्य’ अशा अर्थाच्या नावावर येते. लोकव्युत्पत्तीचे इतके रसाळ उदाहरण पाठ्यपुस्तकांतही विरळाच.

वाचनाच्या क्रमाविषयी थोडेसे. तीन खंड ही त्रिधारा नव्हे. सहा भागांचा एकच ग्रंथ महायुद्धोत्तर काळातील छपाईच्या खर्चामुळे तीन ठिकाणी कापला गेला. म्हणून पहिला खंड संपताच मत बनवू नये. हॉबिटांच्या चालीरीतींवरील प्रास्ताविक प्रथम खुशाल सोडावे. वाढदिवसाच्या मेजवानीपासून आरंभ करून दुसऱ्या प्रकरणापर्यंत तरी नेटाने जावे, कारण अंगठीचा इतिहास तेथे उलगडतो. १९३७ चे ‘हॉबिट’ आधी वाचलेच पाहिजे असे नाही. वाचल्यास त्यातील कोड्यांचे पाचवे प्रकरण लक्षपूर्वक वाचावे. नव्या ग्रंथाशी मेळ बसावा म्हणून १९५१ च्या आवृत्तीत टोल्कीन यांनी ते बदलले. भाषांविषयीचे परिशिष्ट मात्र अखेरीसच उघडावे. शेकडो पाने फ्रोडोच्या मागे चालत आलेल्या सॅमचे नाव सॅम नव्हतेच, त्याच्या स्वतःच्या भाषेत ते बनाझीर, घरगुती ‘बन’, असे होते, हे तेथे कळते.