काही न मागणारं भूत

आपट्यात बोलतोय, तर इथल्या स्टेशनापासूनच सुरुवात करू. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा (१९९५) शेवट इथलाच. गाडीतून पुढे आलेला तो हात सगळ्यांना हवासा वाटतो. झोंबीपटातही हात पुढे येतात आणि अंगावर काटा येतो. का? त्या हाताला आपण कोण हे ठाऊकच नसतं.

रक्त, मेकअप हे सगळं नंतरचं. कोकणातलं भूत बघा, त्याला काहीतरी हवं असतं. मुंज्याला लग्न हवं, दुसऱ्याला नारळ नाहीतर कोंबडं. म्हणजे बोलणी होऊ शकतात! झोंबीला नवस चालत नाही.

आदित्य सरपोतदारांच्या ‘झोंबिवली’त (२०२२) डोंबिवलीची उंच सोसायटी आहे, शेजारी वस्ती आहे आणि मधे पाण्याचा प्रश्न. सोसायटीवाले वस्तीतल्यांना झोंबी व्हायच्या आधी तरी कुठे ओळखत होते? चित्रपट खरा घाबरवतो तो इथे. पण ही गोष्ट नीट टोचायच्या आतच विनोद येतो आणि आपली सुटका होते. आम्हांला ती घाई खटकली.

मग मजा कसली? नोएल कॅरल हे तत्त्वज्ञ १९९०च्या त्यांच्या पुस्तकात म्हणतात, कुतूहलाची. आम्हांला हे अर्धंच पटतं. झोंबी चावतो, चावलेला झोंबी होतो. कुतूहल तिथेच संपलं. तरी आपण खुर्ची सोडत नाही. बाहेर कुणीतरी दार बडवतंय आणि आतली माणसं कडी काढतात की नाही, ते आपल्याला बघायचं असतं.