विरोधी बाकावरचा पक्ष सत्तेत जातो तेव्हा

मंडळी, सत्ता आली की पक्ष बदलतो, हे आपल्या बीडमध्ये पारावरही ऐकायला मिळतं. कारण ठरलेलं असतं: खुर्चीची हाव. मला हे उत्तर अपुरं वाटतं.

आपल्या नाथ्र्याच्या गोपीनाथ मुंडे यांचंच उदाहरण घेऊ. १९९१ ते १९९५ ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९९४ मध्ये संघर्षयात्रा काढून त्यांनी राज्य पिंजून काढलं. डिसेंबर १९९३ मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना, दाभोळच्या वीजखरेदीचा करार झाला होता. तो एन्रॉन प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, ही युतीची प्रचारातली घोषणा. मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि मुंडे उपमुख्यमंत्री. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या उपसमितीने करार तपासला, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. इथवर शब्द पाळला गेला. मग जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला. तोही २,०१५ ऐवजी २,१८४ मेगावॅटचा, आणि आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा बंधनकारक करून!

तुम्ही म्हणाल, हाव नाही तर काय? बघा, विरोधात असताना प्रश्न एकच असतो: हे चूक आहे का? सत्तेत दुसरा येतो: मोडलं तर पुढे काय? कंपनी लंडनला लवादात गेली होती, आणि राज्याला वीज हवीच होती. माक्स वेबरने १९१९ च्या म्युनिकच्या व्याख्यानात हाच फरक मांडला: तत्त्वनिष्ठेची नीती आणि परिणामांच्या जबाबदारीची नीती.

पण वेबरच्या नावावर सगळं माफ होत नाही. स्पर्धात्मक निविदा न मागवता करार केला, हा उपसमितीचा मोठा आक्षेप होता. नवा करारही निविदेविनाच झाला. भूमिका बदलण्याला माझी हरकत नाही. आपलाच आक्षेप आपण उत्तर न देता सोडून दिला, ही खरी चूक. पुढे २००१ मध्ये महाग विजेवरून वाद पेटला आणि प्रकल्प बंद पडला.

आणि सभागृहात हे विचारणार कोण? समोर मूळ करार करणारेच बसले होते. म्हणजे मुंड्यांनी सोडलेली विरोधी पक्षनेत्याची खुर्ची भरली, पण त्यांचा प्रश्न पोरका झाला. तो गुहागरच्या आंदोलकांनी आणि कोर्टात गेलेल्या कार्यकर्त्यांनी उचलला.

म्हणून पुढच्या वेळी कुठलाही पक्ष सत्तेत गेला, की त्याची विरोधातली भाषणं जपून ठेवा. त्यातला कुठला आक्षेप उत्तराविना गळाला, तेवढं त्यांना विचारा.