जुळणे आणि सुटणे : पेणची माती, रोह्याचे रंग आणि रेणूंची सहजुळणी

दोन किंवा अधिक प्रकारचे रेणू आपापल्या आकर्षणाने एकत्र येतात आणि त्या मांडणीतून एकट्यादुकट्या घटकात नसलेला गुण उपजतो, तेव्हा त्या प्रक्रियेला रेणूंची सहजुळणी म्हणतात. हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभारांची ओढ, सपाट रेणूंचे एकमेकांवर थर लागणे आणि पाणी टाळणाऱ्या भागांचे एकत्र येणे ही तिच्यामागची प्रमुख बळे आहेत. रेणूच्या आतला सहसंयुजी बंध तोडायला दर मोलला साधारण 300 ते 400 किलोज्यूल ऊर्जा लागते; हायड्रोजन बंधाला बहुधा 10 ते 30 पुरते. बंध असे हलके असल्यामुळे चुकीची बसलेली जागा सुटते, योग्य जागा सापडते आणि मांडणी आपोआप सुधारत जाते. या अभ्यासाची पायाभरणी करणाऱ्या पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना 1987 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रायगड जिल्ह्यात या विज्ञानाची दोन रूपे शेजारच्या तालुक्यांत दिसतात. पेण शहरात आणि तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात. तिथे माती, पाणी आणि प्लास्टर यांची जुळणी होते. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि सुदर्शन केमिकलचा रंगद्रव्यांचा कारखानाही रोह्यातच आहे. तिथे रंगाच्या रेणूंची जुळणी होते. दोन्ही ठिकाणचे अनुभव एकत्र वाचले की जुळणीच्या कलेची आजची स्थिती स्पष्ट होते. घटक घट्ट जुळवण्यात माणूस तरबेज झाला आहे. ठरल्या वेळी ते सुटावेत अशी जुळणी करण्यात तो अजून मागे आहे.

शाडूपासून सुरुवात करणे योग्य. चिकणमातीतली खनिजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतात. केओलिनाइटमध्ये सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांचा प्रत्येकी एक पदर मिळून सुमारे 0.7 नॅनोमीटर जाडीचा थर बनतो आणि असे अनेक थर मिळून एक कण होतो. या कणांच्या सपाट पृष्ठांवर ऋणभार असतो, तर कडांवरचा भार पाण्याच्या आम्लतेनुसार बदलतो. पाणी मिसळले की कणांभोवती त्याचा थर बसतो, कण एकमेकांवरून सरकतात आणि मातीला हवा तो आकार घेता येतो. मूर्ती वाळताना पाणी निघून जाते, उरलेल्या पाण्याच्या केशाकर्षणाने कण जवळ ओढले जातात आणि मूर्ती कडक होते. त्याच ओढीने ती आकसते. वाळण्याचा वेग सगळीकडे सारखा नसला तर तडे जातात. मोठी मूर्ती शाडूत करणे अवघड जाते, शिवाय ती जड आणि नाजूक असते. मात्र या सगळ्या प्रवासात नवा रासायनिक बंध तयार झालेला नसतो. विसर्जनाच्या पाण्यात पापुद्र्यांमध्ये पुन्हा पाणी शिरते आणि मूर्तीची माती होते. हीच माती भट्टीत 500 ते 600 अंशांपर्यंत तापवली तर केओलिनाइटच्या रचनेतले हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रूपाने निघून जातात आणि पाण्यात भिजून तिचा पुन्हा चिखल होत नाही. सुटण्याची क्षमता राखायची तर मूर्ती भाजायची नाही, हा मूर्तिकारांचा नियम रसायनशास्त्राच्या कसोटीवरही खरा उतरतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट वेगळी आहे. जिप्समच्या स्फटिकात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे दोन रेणू असतात. ते तापवल्यावर दीड रेणू निघून जातो आणि अर्धा उरतो. ती भुकटी म्हणजे पीओपी. भुकटीत पाणी घातले की ती आधी विरघळते आणि मग तिच्यातून जिप्समच्या सुया उगवतात, ही उकल फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातलिए यांनी मांडली. पीओपीची विद्राव्यता जिप्समपेक्षा जास्त असल्याने द्रावणात अतिरिक्त कॅल्शियम सल्फेट जमा होते आणि त्याला स्फटिक बनून बाहेर पडावेच लागते. सुया एकमेकींत अडकतात आणि थोड्या वेळात साच्यातले मिश्रण घट्ट होते. या बदलाला भुकटीच्या वजनाच्या जेमतेम 18.6 टक्के पाणी पुरते. मिश्रण साच्यात नीट वाहावे म्हणून मात्र त्याहून कितीतरी जास्त घालावे लागते. जादा पाणी उडून गेल्यावर छिद्रे राहतात आणि मूर्ती हलकी होते. मिश्रणात काथ्या घातला की ताण धाग्यांवर विभागला जातो आणि पातळ कवचही टिकते. सायट्रिक आम्लासारखे रेणू स्फटिकांच्या पृष्ठांना चिकटून प्लास्टर बसायला उशीर लावतात. इतक्या घटकांचा मेळ जमल्यामुळेच पीओपीने मोठ्या, स्वस्त आणि दूरच्या प्रवासाला टिकणाऱ्या मूर्ती शक्य केल्या.

अडचण विसर्जनात आहे. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम 2.4 ग्रॅम विरघळते. या हिशोबाने पाच किलोंची मूर्ती पूर्ण विरघळायला किमान 2,000 लिटर पाणी हवे, आणि तरीही काम सावकाशच होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत पीओपीच्या मूर्तींना मनाई सुचवली. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवण्यास परवानगी दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन करण्यास मोकळीक दिली नाही. म्हणजे वादाचा मुद्दा मूर्ती कशी बनते यावरून ती कशी सुटते यावर आला आहे.

या प्रश्नावर महाराष्ट्रातले सर्वांत ठोस रासायनिक उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिले. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की कॅल्शियम सल्फेटचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट यांत होते. कार्बोनेट तळाशी बसते, सल्फेट पाण्यात राहते आणि खत म्हणून वापरता येते. समीकरणाप्रमाणे एक किलो जिप्समला सुमारे 920 ग्रॅम बायकार्बोनेट लागते आणि त्यातून साधारण 770 ग्रॅम अमोनियम सल्फेट मिळते. पुणे महापालिकेने ही पद्धत घरगुती विसर्जनासाठी राबवली. तिचे मोल मोठे आहे, पण मर्यादाही स्पष्ट आहेत : जवळजवळ मूर्तीच्या वजनाइतके रसायन लागते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, मोठ्या मूर्तींना हौदही तेवढेच मोठे लागतात आणि रंगाचा थर तसाच राहतो. सुटण्याची सोय मूर्तीच्या घडणीत नसून ती नंतर बाहेरून आणावी लागते.

रंगाचा तो थर हा सहजुळणीचा आणखी सूक्ष्म नमुना आहे. सेंद्रिय रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. त्याचे सपाट रेणू स्फटिकात थरावर थर रचलेले असतात आणि छटा या रचनेवर अवलंबून असते. कॉपर थॅलोसायनिन हा निळा रेणू तोच राहतो, पण अल्फा स्फटिकात लालसर निळा आणि बीटा स्फटिकात हिरवट निळा दिसतो. क्विनॅक्रिडोन द्रावणात फिकट असते. घन रूपात हायड्रोजन बंधांनी जोडले गेले की तेच तांबडे किंवा जांभळे होते. भुकटीचे कण किती बारीक आणि कोणत्या स्फटिकरूपातले राखायचे यावर रंगाचा दर्जा ठरतो. मूर्तीवर लावताना त्यात बांधकाची भर पडते. पाण्यातले बहुवारिकाचे (पॉलिमरचे) कण पाणी उडाल्यावर एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनवतात आणि रंगद्रव्य त्यात अडकते. हा पापुद्रा पाण्याने सुटत नाही, आणि त्याच्या टिकाऊपणाचे कौतुक होते ते याच गुणासाठी. शाडूच्या मूर्तीवरही असा रंग लावला की मातीचा सुटण्याचा गुण अर्धा वाया जातो. गेरूसारखे खनिज रंग आणि पाण्यात विरणारा डिंक या जोडीचा विचार व्हावा तो याच कारणासाठी. छटांची विविधता त्यात कमी मिळते, ही किंमत मान्य करावी लागते.

सजीवांनी जुळणे आणि सुटणे दोन्ही साधले आहे. पेशीच्या पृष्ठावरचे कित्येक ग्राही (रिसेप्टर) अनेक प्रथिनांच्या सहजुळणीतून बनतात. स्नायूतला अ‍ॅसिटिलकोलीन ग्राही पाच घटकांचा असतो. गर्भावस्थेत त्यातला एक घटक गॅमा असतो, पुढे त्याची जागा एप्सिलॉन घेतो आणि ग्राहीतून आयन जाण्याची रीत बदलते. मेंदूतल्या गाबा-बी ग्राहीचे दोन घटक असतात. पहिला घटक एकटा पेशीच्या आतच अडवून ठेवला जातो. दुसरा त्याला येऊन जोडला की अडवणारी खूण झाकली जाते आणि जोडी पृष्ठावर पोचते, हे 1998 पासूनच्या संशोधनात उलगडत गेले. जुळणीची अशी तपासणी कोणत्याही कारखान्यात नाही. गणपतीच्या मोदकातला गूळ गोड लागतो तोही टी1आर2 आणि टी1आर3 या दोन प्रथिनांच्या जोडीमुळे. मांजरांमध्ये टी1आर2 चे जनुक निकामी झाले आहे, म्हणून त्यांना गोडी कळत नाही. साखर या जोडीला सैल धरते, लाळेने पातळ झाली की सुटते आणि ग्राही पुढच्या घासाला मोकळा होतो. जुना झालेला ग्राही पेशी आत ओढून घेते, तोडते आणि त्याची अमिनो आम्ले पुन्हा वापरते.

कृत्रिम पदार्थांत याच्या जवळ जाणारे यश धातू-सेंद्रिय चौकटींना (एमओएफ) मिळाले आहे. धातूचे आयन सांध्यांवर, सेंद्रिय रेणू दांड्यांसारखे, अशा जुळणीतून ग्रॅमला हजारो चौरस मीटर पृष्ठफळ असलेले सच्छिद्र पदार्थ बनतात. कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना यासाठी 2025 चे नोबेल मिळाले. पुण्याच्या आयसरमध्येही यावर संशोधन चालते. पण इथेही तोल अवघड आहे. सुरुवातीच्या चौकटींपैकी एमओएफ-5 हवेतल्या ओलाव्यानेच ढासळते. बंध बळकट केले की चौकट टिकते, पण जुळताना झालेली चूक सुधारणे कठीण होते.

या सर्व उदाहरणांतून परीक्षणाचा एकच मापदंड हाती येतो. पदार्थाची ताकद, स्वस्ताई आणि रंगसंगती मोजतानाच तो किती दिवस टिकणार, कोणत्या कारणाने सुटणार आणि सुटल्यावर काय उरणार, हेही मोजायला हवे. या मापाने शाडू आणि खनिज रंगांची मूर्ती पहिली ठरते. तिचे तडे व वजन कमी करणारे, पाण्यात विरणारे धागे आणि डिंक शोधणे हे संशोधनाचे खरे काम आहे. पीओपीला बायकार्बोनेटची जोड हा मधला मार्ग आहे. बहुवारिकाचा रंग हा आज सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि तो प्रश्न सोडवण्यासाठी लागणारे दोन्ही हात, पेणचे मूर्तिकार आणि रोह्याचे रंगरसायनतज्ज्ञ, एकाच जिल्ह्यात आहेत. मूर्ती घडवण्याआधीच तिच्या विसर्जनाचे रसायन ठरवायचे, या दिशेने त्यांचे काम एकत्र आले तर या कलेतली सर्वांत मोठी उणीव भरून निघू शकेल.