लोखंडी किल्ल्याची गाडी : पाहावी की पाहू नये?

आमच्या घरी बोलणे दखनीत आणि वाचणे मराठीत. जपानी भाषा घरात शिरली ती नातवाच्या मोबाइलमधून. गेल्या रमजानमध्ये तरावीहची नमाज पढून मी घरी आलो, तर सून रागाने लाल झालेली आणि मोबाइल तिच्या पदराखाली. नातू कोपऱ्यात. त्याने लावलेल्या कार्टूनमध्ये मुडदे चालत होते, माणसांचे लचके तोडत होते आणि एक मुलगा दुसऱ्याचे रक्त पीत होता. 'कार्टून नाही, अ‍ॅनिमे', हे नातवाचे म्हणणे तिला पटण्यासारखे नव्हतेच. शेवटी अपील माझ्याकडे आले. "दादा, बाराच भाग आहेत. तुम्ही बघा आणि मग सांगा."

एकेक भाग वीस-बावीस मिनिटांचा. म्हणजे साडेचार तासांच्या आतले काम. ईदनंतर तीन रात्रींत ते उरकले. मालिकेचे नाव 'कबानेरी ऑफ द आयर्न फोर्ट्रेस'. जपानी दूरचित्रवाणीवर ती २०१६ मध्ये आली. दिग्दर्शक तेत्सुरो अराकी, निर्मिती विट स्टुडिओची. याच मंडळींनी २०१३ मध्ये 'अटॅक ऑन टायटन' केली होती आणि तिचा शिक्का इथे जागोजाग दिसतो. तटबंदीतली शहरे तीच, बाहेरचा भुकेला शत्रूही तोच. फरक एवढाच की तिथली कथा आधी चित्रपुस्तकात आलेली होती आणि ही मालिकेसाठीच लिहिली. मूळ कथेचा आधार नसलेल्या मालिकेचे पाय कुठे लटपटतात, ते पुढे येईलच.

कथा थोडक्यात अशी. हिनोमोतो नावाचा कल्पित जपान. औद्योगिक क्रांती नुकतीच आलेली, तोच 'कबाने' नावाच्या प्रेतांची साथ पसरते. ज्याला चावा बसेल तो मरतो आणि कबाने होऊन उठतो. त्यांच्या काळजाभोवती लोखंडी कवच असते, ते फोडल्याशिवाय ते मरत नाहीत. उरलेली माणसे तटबंद स्थानकांत राहतात आणि एका स्थानकातून दुसऱ्यात जातात ती चिलखती आगगाडीने. अशाच एका गाडीचे नाव 'कोतेत्सुजो', म्हणजे लोखंडी किल्ला. इकोमा हा तिथला वाफेच्या यंत्रांचा कारागीर. त्यालाही चावा बसतो, पण स्वतःच्या अंगावर उपाय करून तो विष डोक्यात चढू देत नाही. तो अर्धा माणूस, अर्धा कबाने होतो. त्यालाच म्हणायचे कबानेरी.

ओझरच्या विमान कारखान्यात मी एकतीस वर्षे पत्र्याला रिव्हेट मारले. १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिलेला तो कारखाना. त्यामुळे वाफ, लोखंड आणि रिव्हेटांची ही दुनिया पाहताना माझा डोळा आधी जोडकामावर गेला. चित्रकारांना सलाम केला पाहिजे. रिव्हेटांच्या रांगा सरळ आहेत, दाबमापकाचा काटा थरथरतो, झडपेतून वाफ सुटते तेव्हा माणूस हात मागे घेतो. गाडीला पाणी लागते आणि दुरुस्तीसाठी थांबावेही लागते. आपल्याकडच्या सिनेमात इंजिन नुसते धूर सोडते. मात्र शिपायांच्या पाठीवरच्या वाफेच्या टाक्यांनी माझी पंचाईत केली. कोळसा नाही, भट्टी नाही, तरी टाकीतली वाफ तासन् तास गरम! आमच्या शॉपमधल्या एखाद्या शिकाऊ पोरानेसुद्धा फोरमनला हे विचारले असते. असो. ज्या कथेत मुडदे पळतात, तिथे टाकीवरून हुज्जत कशाला घालायची?

माझी खरी गाठ पडली पहिल्याच भागातल्या तपासणीशी. गाडी स्थानकात येते. उतरलेल्यांना कपडे काढायला लावून अंगावर चाव्याची खूण शोधतात. एक घाबरलेला माणूस पळत सुटतो. त्याला नीट तपासण्याआधीच शिपाई गोळ्या घालतात. इकोमा आडवा येतो. त्याचे म्हणणे साधे आहे : आधी तपासा, कोंडून ठेवा, वाट पाहा. एवढ्यावरून त्यालाच कोठडीत टाकतात. आणि तिथेच दुसऱ्या एका मुलीला, मुमेईला, तपासणी माफ होते, कारण तिची ओळख वर पोहोचलेली असते.

हे पाहताना मला जपान दिसला नाही, मुंबई दिसली. वाफेच्या गाडीने साथ पसरते म्हणून स्थानकावर माणसे उतरवून तपासायची, हे कुणा चित्रकाराच्या कल्पनेतले नाही. १८९६ च्या प्लेगनंतर पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा आला आणि आपल्याच रेल्वेवर हे घडले. घराघरांत शिरून तपासणी झाली. पुण्यातल्या रँडचे प्रकरण शाळेच्या पुस्तकात आहे. पण ९ मार्च १८९८ ला मुंबईच्या मदनपुऱ्यात काय झाले, ते पुस्तकात नसते. जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक आले, घरच्यांनी नकार दिला, जमाव जमला, गोळी चालली आणि दंगल शहरभर पसरली. त्या विणकरांचे भाईबंद आमच्याच जिल्ह्यात मालेगावला माग चालवतात. त्या लोकांना अडाणी ठरवणे सोपे होते. प्लेग खोटा नव्हता, हेही खरे. पण बाईमाणसाच्या अंगाला हात कोण लावणार आणि नेलेले माणूस परत येणार का, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता.

आणि इतके मागे तरी कशाला जायचे? २०२० च्या मे महिन्यात आमच्या ओझरवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर माणसांची रांग चालत होती, डोक्यावर बोचकी, कडेवर मुले. त्याच्या आधी दिल्लीच्या मरकजच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमच्या गल्लीत येणाऱ्या भाजीवाल्याला एका वस्तीत आधी नाव विचारले गेले, मग भाव. नाव ऐकून त्याची गाडी वळवून दिली. तो माझ्या ओट्यावर बसून पाणी प्याला, तेव्हा पेला परत देताना म्हणाला, "चाचा, धुऊन घ्या." पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे नोंदवले. भाजीवाल्याला त्या निकालाची प्रत कुणी नेऊन दिली नाही.

म्हणून दुसरा भाग मला या मालिकेचा कळस वाटतो. इकोमाचे गुपित फुटते आणि ज्यांच्यासाठी तो लढला तेच त्याला गाडीतून बाहेर टाकतात. गाडीला निघायचे तर पूल खाली यायला हवा. तो खाली आणण्याचे काम इकोमाच करतो, बाहेर राहून. संशयितानेच उपकार करून आपला चांगुलपणा सिद्ध करावा, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. हिंदी सिनेमातला रहीमचाचा आयुष्यभर हेच करत आला. पण इथे एक फरक आहे. पूल पाडल्यानेही इकोमावरचा संशय संपत नाही. त्याला गाडीत घेतात, पण वेगळे ठेवतात.

मालिका भाबडी नाही, हे तिसऱ्या भागात कळते. डब्यात एक गरोदर बाई असते. तिला चावा बसलेला असतो आणि मुमेई तिला मारते. डबा मुमेईवर उलटतो. ती बाई सगळ्यांच्या जिवाला धोका होती, आणि तरीही तिला मारलेले पाहवत नाही. भीतीच खोटी आहे असे म्हणून लेखकाला मोकळे होता आले असते, तो तसे होत नाही. भीती खरी असताना शेजाऱ्याशी कसे वागायचे, असे तो विचारतो. सरदाराची मुलगी अयामे त्याला उत्तर देते. कबानेरींना जगायला रक्त लागते, तेव्हा ती आधी स्वतःचे देते. 'रक्त पिणे' म्हटल्यावर सुनेने तौबा तौबा केले होते. हराम ते हरामच, त्यावर माझा वाद नाही. पण त्या प्रसंगात पिणाऱ्यापेक्षा देणाऱ्याकडे पाहावे.

सातव्या भागापर्यंत सारे ठीक चालते. गाडी एका स्थानकात थांबते, तनाबाताचा सण असतो, लोक कागदावर इच्छा लिहून टांगतात, बाजारात खातात-पितात. चिलखताच्या गाडीतली माणसे पहिल्यांदा माणसांसारखी दिसतात. आणि भागाच्या अखेरीस येतो बिबा. शोगुनचा मुलगा, देखणा, लांब केसांचा, बापाचा सूड उगवायला निघालेला.

इथून मालिका घसरते. डब्यातल्या माणसांचा प्रश्न मागे पडतो आणि राजवाड्यातला बाप-लेकाचा तंटा पुढे येतो. तोवर भय सगळ्यांत वाटलेले होते, म्हणून पाहणारा अस्वस्थ होता. आता सगळे पाप एका माणसाच्या डोक्यावर ठेवता येते. तो संपला की गोष्ट संपली! प्रेतांचा डोंगर एकत्र येऊन राक्षस होतो, शहर कोसळते, हिरोयुकी सावानोचे संगीत कानठळ्या बसवते. कोण कशासाठी मरते आहे, याकडे लक्षच राहत नाही. बिबाचे सुरुवातीचे म्हणणे, की तटबंदीमागे दडून भित्रे झालेले लोकच एकमेकांना खातात, विचार करण्याजोगे होते. लेखकाने त्याला बोलू दिले आणि लगेच वेडा ठरवून टाकले. अपुरा भराव आणि वर चकचकीत पत्रा, असे काम आमच्याकडे तपासनीस परत पाठवत.

आणखी एक दोष पालकांनी जाणून घ्यावा. मुमेई बारा वर्षांची आहे आणि तिचे चित्रण काही जागी त्या वयाला शोभत नाही. ती लढते छान, पण कॅमेरा तिच्याकडे पाहतो तो लढवय्याकडे पाहिल्यासारखा नेहमीच नसतो. हिंसेपेक्षा मला हे जास्त खटकले.

तर निकाल असा दिला. पहिले सात भाग पाहण्यासारखे, एकट्याने नव्हे, घरच्या मोठ्या माणसाबरोबर. आठ ते बारा वेळ असेल तर. २०१९ चा 'उनातो'चा पुढचा चित्रपट सध्या तहकूब. नातू म्हणाला, "सातला सोडून देता येतं का दादा?" मी म्हटले, मी दिले असते तर बरे झाले असते.

सुनेला मी दुसरा भाग दाखवला. चावण्याच्या दृश्यांना तिने तोंड फिरवले. पुलाच्या प्रसंगानंतर तिने एवढेच विचारले, "त्या पोराला परत आत घेतलं का?"

घेतलं म्हटले, पण वेगळं ठेवलं.

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग मोबाइल नातवाकडे सरकवला आणि म्हणाली, तिसरा लाव.