प्रवेशाचा हक्क राखीव

दलित साहित्याने आजवर अनेक दारांची नोंद करून ठेवली आहे. गावाची वेस, पाणवठ्याची पायरी, देवळाचा उंबरठा, शाळेतली वर्गाबाहेरची जागा, चहाच्या हॉटेलात वेगळी ठेवलेली कपबशी. या दारांशी झालेल्या झगड्यातून आपली आत्मकथने उभी राहिली, कविता उभी राहिली. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपली मुले ज्या एका नव्या दारापुढे उभी राहू लागली आहेत, त्याची नोंद आपल्या लेखनात मला फारशी दिसत नाही. हे दार महानगरातल्या श्रीमंती नाइट क्लबचे आहे. हिंगोली, वसमत, सेनगाव, कळमनुरीकडची मुले-मुली पुण्याला जातात. कुणी स्पर्धा परीक्षेसाठी, कुणी हिंजवडीच्या कंपनीत. पहिला पगार होतो, सोबतचे म्हणतात 'शनिवारी जाऊ', आणि त्या पहिल्या रात्रीची तयारी सुरू होते. काय घालायचे, कुणासोबत जायचे, दारात काय बोलायचे, आत गेल्यावर हात कुठे ठेवायचे.

हा विषय क्षुल्लक आहे असे आपला एखादा कार्यकर्ता म्हणेल. जिथे रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळत नाही, वसतिगृहाचे पैसे भरता येत नाहीत, तिथे क्लबच्या दाराची कसली चर्चा? या आक्षेपाचे उत्तर संविधानातच आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्या ओळीने सार्वजनिक करमणुकीच्या जागांचा उल्लेख आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते त्याच्या पुढच्या ओळीत येतात. माणसाला पाणी लागते तशी करमणूकही लागते आणि दोन्ही ठिकाणी त्याला अडवले गेले आहे, हे संविधान लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. तेव्हा हा विषय चळवळीबाहेरचा नाही.

एक

पहिल्यांदा क्लबला जाणाऱ्यांसाठी एक उपदेशसाहित्य तयार झाले आहे. वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांतून आणि इंग्रजी मासिकांतून ते आले आणि आता ते तोंडी परंपरेसारखे वसतिगृहांच्या खोल्यांतून फिरते. त्याचा सारांश असा: नाव आधीच यादीत घालून घ्या. चपला चालत नाहीत, बंद बूट घाला. नुसत्या मुलांचा घोळका करून जाऊ नका. एकट्या पुरुषाला तिथल्या भाषेत 'स्टॅग' म्हणतात, त्याच्याकडून जास्त पैसे घेतात किंवा त्याला परत पाठवतात. दारात वाद घालू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, नेहमी येत असल्यासारखे वागा.

यातला काही भाग व्यवहारी शहाणपणाचा आहे आणि तो मुलांना सांगायलाच हवा. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. दारात भरलेली रक्कम खाण्यापिण्यात वळती होणार की नाही हे आधी विचारावे. परतीच्या वाहनाची सोय जाण्यापूर्वीच करावी. सोबतच्या मैत्रिणीला एकटी सोडू नये. न पिणाऱ्याने न पिता बसावे. त्यात कमीपणा नाही.

परंतु शेवटच्या उपदेशापाशी समीक्षकाने थांबले पाहिजे. 'नेहमी येत असल्यासारखे वागा' याचा अर्थ, तू पहिल्यांदा आला आहेस हे कळू देऊ नकोस. ज्या घरात शाळा पहिल्यांदा आली, पदवी पहिल्यांदा आली, महिन्याच्या महिन्याला येणारा पगार पहिल्यांदा आला, त्या घरात 'पहिल्यांदा' हा शब्द अभिमानाचा आहे. आमच्या पिढीची ओळखच त्यावर उभी आहे. क्लबच्या दारात मात्र तोच शब्द दोष ठरतो, आणि तो झाकण्याची कला म्हणजे तयारी.

त्या दारावर पाटी असते, 'प्रवेशाचा हक्क राखीव'. राखीव जागांवरून वर्गात टोमणे मारणाऱ्यांना ही राखीव जागा कधी खुपलेली दिसत नाही. इथे गुणवत्ता कोणती? बूट, इंग्रजीचा उच्चार, कातडीचा रंग, सोबतची माणसे. परीक्षक एकच, निकाल तोंडी, आणि फेरतपासणी नाही. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. अस्पृश्यतेच्या कारणावरून करमणुकीच्या जागी प्रवेश नाकारणे त्याने गुन्हा ठरवले आहे. पण दारावरचा माणूस जात विचारतच नाही. तो बूट पाहतो. तो स्वतःही पुष्कळदा गावाकडूनच आलेला, महिन्याच्या पगारावर उभा असलेला असतो.

प्रत्येक नकार जातीचाच असतो असे मी म्हणत नाही. गरीब सवर्ण मुलालाही तोच बूट नडतो. परंतु बूट, उच्चार आणि ओळखीपाळखी या तिन्ही गोष्टी आपल्या समाजात बहुतांशी जातीच्या वाटेनेच वारशाने येतात. २०१४ साली चेन्नईत वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशालाच एका क्लबच्या दारात अडवले गेले, तेव्हा तामिळनाडूने त्याच वर्षी कायदा करून वेष्टीसारख्या पारंपरिक पोशाखावरून प्रवेश नाकारण्यास बंदी घातली. अपमान न्यायाधीशाचा झाला की विधिमंडळ हलते. वेष्टीला संरक्षण मिळाले. स्वस्त चपलेला मिळाले नाही.

आपल्या जिल्ह्याला दाराची ही गोष्ट नवी नाही. नरसीच्या नामदेवांना औंढ्याच्या नागनाथापुढून उठवले, ते देवळामागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेव शिंपी होते. लोकांना कपडे शिवून देणाऱ्या जातीचा माणूसही दारापुढे अपुराच ठरला. आख्यायिकेत देऊळ फिरते. व्यवहारात माणसालाच फिरावे लागते.

दोन

पैसा आला की जात जाते, असे बाजार सांगतो. या विधानाची परीक्षा १९१७ सालीच होऊन गेली आहे. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून मुक्काम केला. रोजचा दीड रुपया ते देत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणीत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. पैसा रोज घेतला जात होता आणि तरीही माणूस नको होता. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेचा नायकही परगावी खोलीसाठी जात झाकतो, आणि उघडी पडल्यावर मार खातो. 'नेहमी येत असल्यासारखे वागा' हा उपदेश या परंपरेतला आहे. फक्त आता तो मौजेच्या भाषेत बोलतो.

मग कपड्यांचा विचारच सोडावा काय? तसे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अंगावर जात सांगणारे जाड दागिने टाका, स्वच्छ राहा, असे सांगितले. स्वतः त्यांनी आयुष्यभर उत्तम शिवलेला सूट घातला. तेव्हा पहिल्या पगारातून चांगला बूट घेणाऱ्या मुलाला 'बाटला' म्हणून हिणवणे हे बाबासाहेबांच्या मार्गाशी विसंगत आहे. फरक कपड्यात नाही, कपड्यामागच्या उद्देशात आहे. महाडचा उपदेश सर्वांसाठी होता, उघड सभेत होता आणि स्वतःच्या नावाने उभे राहण्यासाठी होता. क्लबचा उपदेश एकट्यासाठी आहे, कानात सांगितलेला आहे आणि नाव लपवण्यासाठी आहे. हा फरक आपल्या मुलांना समजावून सांगता आला तर दोन्ही टोके टळतील, लाजही आणि मिजासही.

तीन

दाराचा हा भेद केवळ बाउन्सरच्या मनात नाही. तो आपल्या राज्याने कायद्यात लिहिला होता. २००५ साली मुंबई पोलीस अधिनियमात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे घालण्यात आली. पहिल्याने बारमधील नाच बंद केला. दुसऱ्याने तीन तारांकित व त्यावरील हॉटेले आणि केवळ सदस्यांसाठी असलेले क्लब, जिमखाने यांना सूट दिली. नाच तोच, पण स्वस्त जागी तो अश्लील आणि महाग जागी ती संस्कृती. उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. वरच्या वर्गाची नीती वेगळी असते हे गृहीतक न्यायालयाने मानले नाही. ७५,००० हून अधिक स्त्रियांचा रोजगार गेल्याचा आकडा या खटल्यात पुढे आला होता. पुढे २०१६ चा नवा कायदा आला. त्यातील अनेक जाचक अटी १७ जानेवारी २०१९ रोजी रद्द झाल्या.

या स्त्रियांत परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या जातींतल्या अनेक होत्या. समीना दलवाई यांनी 'बॅन्स अँड बार गर्ल्स' (२०१९) या पुस्तकात बंदीच्या प्रश्नाकडे जातीच्या अंगाने पाहिले आहे. दलित स्त्री-चळवळीतील काहींनी मात्र बंदीला पाठिंबा दिला होता, आणि त्यांचा युक्तिवाद टाळता येणार नाही. जातीने जे नाचणे लादले त्याला 'आवडीचा व्यवसाय' कसे म्हणायचे? किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) वाचलेला कोणीही हा प्रश्न झटकू शकणार नाही. माझे म्हणणे एवढेच की बंदीने लादणारी व्यवस्था मोडली नाही. तिने नाचणारीला रस्त्यावर आणले आणि पाहणाऱ्याला वरच्या मजल्यावर नेले. ज्या रात्री आपला मुलगा पैसे भरून नाचायला जातो, त्याच रात्री दुसरी एक बाई नाचून पोट भरण्याचा हक्क न्यायालयात मागत होती. करमणुकीची ही दोन दारे एकत्र पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

चार

मधुर भांडारकरांच्या 'चांदनी बार' (२००१) या चित्रपटाने ही रात्र पाहिली, ती दयेच्या नजरेने. सोनिया फलेरोंच्या 'ब्यूटिफुल थिंग' (२०१०) ने ती जवळून पाहिली, पण वार्ताहराच्या नजरेने. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) मुंबईची रात्र आतून पाहिली होती. मात्र ती कामाठीपुऱ्याकडची रात्र होती. श्रीमंती क्लबची रात्र अजून प्रस्थापितांच्याच हाती आहे. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत पात्रे क्लबमध्ये असतातच. ती दारातून आत आली कशी, हा प्रश्न तिथे पडत नाही. जो प्रश्न लेखकाला पडत नाही तोच त्याचा वर्ग सांगतो.

आपल्याकडे या जागेचे आणखी एक दार आहे, स्वयंपाकघराचे. मुंबईतले पुष्कळ क्लब जुन्या गिरण्यांच्या आवारात उभे आहेत. धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून या गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नसत, आणि पगार तर तिथेच जास्त होता. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारात आग लागली आणि १४ माणसे गेली. गोव्यात हडफडे येथील क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री आग लागली. तारीख आपल्याला वेगळी सांगायला नको. २५ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य तिथे राबणारे कामगार होते, दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले. त्यांना कोणी बूट विचारले नव्हते. मागच्या दाराने प्रवेशाचा हक्क कधीच राखीव नसतो.

आपल्या लेखनाकडून म्हणून अपेक्षा आहे ती मौजेच्या निषेधाची नाही. आंबेडकरी जलशांनी करमणूक हीच प्रबोधनाची जागा केली होती. आनंदाचे वावडे ही आपली परंपरा नाही. अपेक्षा आहे ती या रात्रीच्या खऱ्या हिशेबाची. दारात लागलेले पैसे आणि त्याच महिन्यात गावी पाठवलेले पैसे. आत वाजलेले गाणे आणि त्यावर पाय थरकले तो खरा आनंद. आडनाव विचारल्यावर दिलेले उत्तर. ग्लास आणून देणाऱ्या पोराची आपल्यासारखी बोली ऐकून त्याच्याशी बोललो की मान वळवली, ते. मुलीच्या लेखणीतून हा हिशेब आणखी वेगळा येईल, कारण तिला दारात कमी पैसे पडतात आणि त्याची किंमत तिच्याकडून आत वसूल होऊ पाहते.

हे लेखन कोणी थोर साहित्यिक येऊन करणार नाही. ते त्या मुलांनीच करायचे आहे, आणि त्यांना निबंधाच्या वहीत 'माझी सहल' लिहायला लावणाऱ्या आपण शिक्षकांनी त्यांच्याकडून ते मागायचे आहे. सुट्टीला आलेल्या आपल्या विद्यार्थ्याला पगार किती हे आपण विचारतोच. दारात काय झाले, हेही विचारावे, आणि तो सांगेल ते लिहून द्यायला सांगावे.